चाचांच्या जनाज्यानंतरचा निकाह

आर्वी,
फेब्रुवारी १९८१

प्रिय मेहरू,

चाचांचं सगळं आटोपून तू छोट्या गाडीने पुलगावला परत गेलीस, तेव्हापासून तुला लिहायचं म्हणतेय. बसले की कोणीतरी येऊन टपकतं. आज घरात कोणी नाही. उर्दूत लिहायला हवं खरं, पण आपण दोघी मराठी शाळेतल्या. माझं उर्दू पाहून तू हसशील.

आधी चांगली बातमी. आमच्या शमीमचं लग्न ठरलं, हिंगणघाटला. मुलगा मोटार दुरुस्तीचं काम करतो. बोलायला कंजूष आहे, म्हणजे आपल्या बडबड्या शमीमला शोभेल. पोरगी इतकी खूश आहे की तिच्याकडे बघवत नाही. का बघवत नाही, ते पुढे सांगते.

तुला आपल्या दोघींच्या अब्बांची भांडणं आठवतात ना? माझ्या घरी सगळे उभे राहून पैगंबरांवर सलाम पढायला लागले की तुझे अब्बा, माझे चाचा, चपला घालून ओट्यावर जाऊन बसायचे. गेलेल्यांच्या नावाने ताटावर फातिहा देणं त्यांना पटत नसे, पण त्याच ताटातला मलिदा मागून खायचे. अब्बा मुद्दाम मोठ्याने विचारायचे, "क्यूँ भई, हजम होगा ना?" मग दोघं तासभर वाद घालायचे, आणि अजान झाली की जो पुढे उभा राहील त्याच्या मागे दुसरा नमाज पढायचा. आपल्याला वाटायचं, सगळीकडे असंच असतं.

आता आमच्या मशिदीत नवे मौलाना आहेत. माणूस वाईट नाही, हाच तर घोळ आहे. शमीमला टायफॉईड झाला तेव्हा रोज येऊन दुआ पढून तिच्यावर दम करून, फुंकर घालून जायचे. चाचांच्या जनाज्याची नमाज तुझ्या भावाने बोलावलेल्या पुलगावच्या इमामांनी पढवली, आणि आमचे हे पहिल्या रांगेत उभे राहिले. राहणारच. शिलाईची कात्री चाचांनीच त्यांच्या हातात दिली होती. पुढच्या जुम्म्याला मौलानांनी सांगितलं, चाचा आणि तो इमाम ज्या जमातीचे, ती दीनच्या, म्हणजे इस्लामच्याच बाहेर. त्यांना मुसलमान समजून जे उभे राहिले त्यांचा ईमान गेला आणि निकाहही तुटला. पुन्हा कलमा पढा, पुन्हा निकाह करा. बाकीच्यांनी गुपचूप करून घेतलं. राहिलो आम्ही. हिंगणघाटचेही याच मौलानांचं मानणारे; निरोप आलाय, आई-बापाचा निकाह झाल्याशिवाय वरात येणार नाही.

शेजारच्या देवकाबाईला कळलं तर म्हणते, "काऊन वं जुलेखा, पोरीच्या आंधी तूच नवरी होऊन राह्यली काय?" मी हसले तिच्यासोबत. आत येऊन खूप रडले. हे मशीनवर मान खाली घालून म्हणतात, "चाचा समझ जाते. दो लफ्ज की तो बात है." चाचा समजून घेतीलच गं, पण मला ते दोन शब्द गिळवत नाहीत. मी हो म्हटलं म्हणजे माझा निकाह तुटला होता हे मानलं, आणि तो तुटला होता म्हणजे चाचा मुसलमान म्हणून मातीत गेले नाहीत. नाही म्हटलं तर शमीम घरात बसेल. कुठल्याही भिंतीला हात लावला तरी दार नाही.

माझ्या पहिल्या निकाहात तू माझ्या ओढणीत शिरून बसली होतीस. निकाहचे वकील माझी संमती विचारत होते, मी गप्प. मी बोलावं म्हणून तू असा चिमटा काढलास की मी रडायला लागले, आणि बायका म्हणाल्या, झालं, कुंवाऱ्या पोरीचं गप्प राहणं हीच रजामंदी. अब्बांनी मला नंतर सांगितलं होतं, एकदा संसार केलेल्या बाईचं तसं चालत नाही, तिला तोंडाने बोलावं लागतं. या वेळी माझ्या गप्प राहण्याचा अर्थ कोणी हो असा लावू शकणार नाही.

येत्या जुमेरातला, गुरुवारी, असरच्या नमाजनंतर आमच्याच घरी निकाह आहे. मेहरू, तू ये. बायकांच्या खोलीत तुला कोणी अडवणार नाही. माझ्या शेजारी बस, तशीच. या वेळी मात्र उलटं: वकील विचारतील तेव्हा तू चिमटा काढलास, तर मी तोंड उघडणार नाही, मग शमीमचं जे व्हायचं ते होवो. नाही काढलास, तर मी कबूल म्हणेन. पण तुझ्या अब्बांविरुद्धचा तो शब्द मला तुझ्या पाठीमागे बोलायचा नाही.

तुझीच,
जुलेखा