माझं हसू

सोमवार, ३ जून
आज लिफ्टमध्ये मी हसले. म्हणजे मी गप्पच उभी होते, हसू आलं शेजारच्या अनोळखी बाईच्या फोनमधून! माझंच. तेच खिंकाळणं, मध्येच श्वास अडकून येणारी तीच शिट्टी. पडद्यावर एक बोकड. माझ्या आवाजात हसणारा बोकड!
बाई खूश होऊन म्हणाली, "भारी आहे ना?"
"हो," म्हटलं. आणि दोन मजले आधीच उतरले.

मंगळवार, ४ जून
सगळा लेकीचा उद्योग. गेल्या महिन्यात आम्ही दुलईला खोळ घालत होतो. कोपरे धरायला हे आत शिरले आणि आतच हरवले. "अगं, दार कुठंय?" असं आतून विचारायला लागले! मी हसता हसता जमिनीवर बसले. लेकीने शूट केलं. बाबांना कापलं, बाबांचा आवाज कापला, उरलेलं माझं हसू टाकलं सगळ्या जगापुढे. आता कुणीही ते उचलतं, कशालाही चिकटवतं.
"आई, ट्रेंड आहे तो! लोक मरतात यासाठी."
मला विचारायचंस तरी.
"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."
म्हणजे ठाऊक होतं तर!

शुक्रवार, ७ जून
आमच्या चष्म्याच्या दुकानात तिघी आल्या, लेकीच्या व्हिडिओतला माझा चेहरा ओळखून. फ्रेम एकही बघितली नाही. फोन माझ्या नाकासमोर — "काकू, एकदा हसा ना, प्लीज!" आमची सेल्सगर्ल बुलबुल तरी माझ्या बाजूने बोलेल, तर तीच म्हणते, "काकू, तुम्ही आयकॉनिक आहात. लोड नका घेऊ."
काय घेऊ नको? लेकीला विचारणार होते, नाही विचारलं. सगळी मराठीच बोलतात, आणि मला दुभाषा लागतो.

रविवार, ९ जून
आज दिवसभर हसले नाही. जमलं.

बुधवार, १९ जून
जेवताना ह्यांनी त्यांच्या साहेबांची नक्कल केली. चांगली केली. मी मान हलवली. ह्यांनी हातातला घास खाली ठेवला.
"करमत नाही गं घरात. आवाज बंद करून टीव्ही बघितल्यासारखं वाटतं."
लेक ताटाकडे बघत बसली, मग उठून गेली. आली तेव्हा डोळे लाल. "मी काढून टाकलंय, आई. पण आता ते माझ्या हातात नाही राहिलं."
तिला जवळ घेतलं. हसू मात्र आलं नाही. आणायचं म्हटलं तरी येईना — याची आज भीती वाटली.

शनिवार, २९ जून
खूप उशीर झालाय, पण लिहिणारच!
बाजारातल्या सगळ्या दुकानदारांचं संमेलन. हॉल खच्चून भरलेला. आणि मोठ्या पडद्यावर — बोकड! लोक खुर्च्या बडवायला लागले. सूत्रसंचालक ओरडला, "आणि त्या काकू आज आपल्यात आहेत! या, एकदा हसून दाखवा!" बुलबुलने मला अक्षरशः ढकललं.
माईक हातात आला. समोर नुसते फोन.
"हसणार नाही," म्हटलं.
फोन तसेच माझ्यावर रोखलेले.
"मला हसू येतं ते कशावर तरी येतं. महिनाभर माझं हसू ऐकताय. मी कशाला हसत होते, ठाऊक आहे कुणाला?"
मागून एक आजोबा ओरडले, "सांगा की!"
सांगितलं. दुलई, खोळ, आत गेलेले हे. "ज्या माणसाला स्वतःच्या स्वयंपाकघरात साखर सापडत नाही, त्याला मी खोळीत पाठवलं. चूक माझीच!" डावीकडून हसू सुटलं आणि सगळ्या हॉलभर पसरलं. दाराची गोष्ट आली तेव्हा बुलबुल खुर्चीवरून घसरली. फोन कधीच खाली गेले होते. पोट धरायला हात नको?
तेवढ्यात मागच्या रांगेत हे उभे राहिले. चारचौघांत कधी तोंड न उघडणारे हे!
"तो मीच! आणि दार मला अजून सापडलेलं नाही!"
मग आलं. शिट्टीसकट आलं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत आलं! सगळा हॉल माझ्याबरोबर हसत होता. जिंकले मी!

रविवार, ३० जून
सूत्रसंचालकाचा फोन. आधी माफी मागितली. मग — "काकू, असं आणखी काही आहे का हो?"
म्हटलं, "अहो, पंचवीस वर्षांचा संसार आहे. अजून दुलईवरच आहोत आपण!"

शुक्रवार, २ ऑगस्ट
नाट्यगृहाच्या दारावर माझं नाव लागलं. उद्या एक तास, संसाराचे किस्से सांगायला स्टेजवर मी एकटी. लेक पहिल्या रांगेचं तिकीट आणायला गेली आणि हात हलवत परत आली.
"आई, पहिली रांग संपली. शेवटचीसुद्धा!"