चेसीला तडा

४ जानेवारी
कृष्णा मिस्त्री आज पुन्हा आला नाही! नऊ म्हणाला होता. मी जुना ड्रेस घालून, केस करकचून बांधून नऊपासून अंगणात गाडीपाशी उभी. बारा वाजता फोन — "अक्का, कमरीपेठेत अर्जंट काम निघालं." याची अर्जंट कामं बरोबर माझ्याच दिवशी निघतात.

अप्पा खुर्ची टाकून बसले होते. "नाही ना आला? बरं झालं," म्हणाले. सत्त्याऐंशीच्या बापाशी काय भांडायचं. तरी भांडलेच.

६ जानेवारी
आला एकदाचा. आमच्या हेरल्ड गाडीची बॉडी चेसीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, चौदा बोल्टांनी बसवलेली आहे. वायरी, ब्रेकचा पाइप, स्टिअरिंग सोडवायचं, चौदा बोल्ट काढायचे आणि वरचा सगळा डबा उचलून बाजूला ठेवायचा. मग खालच्या चेसीचा तडा वेल्ड करायचा. एवढंच. दोन आठवडे, म्हणतो कृष्णा. त्याचे आठवडे केवढे असतात ते बघू.

तडा १९९१ चा. अप्पा एका संध्याकाळी धारवाडच्या कोर्टातून घरी आले, काळा कोट खुंटीला लावला आणि म्हणाले, "चेसीला तडा गेलाय. आता ही गाडी चालवायची नाही." तेव्हापासून ती रायापूरच्या या अंगणात उभी. दर खंडेनवमीला हार, कुंकू, लिंबू सगळं साग्रसंगीत. जागेवरून न हलणाऱ्या गाडीची चौतीस वर्षं पूजा करणारं दुसरं घर जिल्ह्यात नसेल. वेल्ड करून घेऊ म्हटलं की अप्पा विषय बदलायचे. यंदा दिवाळीनंतर मात्र एकदम म्हणाले, "कर बाई, कर काय ते."

मार्चमध्ये त्यांना अठ्ठ्याऐंशी पूर्ण होतील. त्या दिवशी त्यांना शेजारी बसवून मी हुबळीपर्यंत गाडी नेणार. शाळेतून निवृत्त झाल्यावर ड्रायव्हिंग शिकले ते याच्यासाठीच. पूर्वी मी शिकवा म्हटलं तर म्हणायचे, तुला कशाला. म्हणून तर चालवायचीच आहे.

९ जानेवारी
नऊ बोल्ट निघाले. ठेवायला बिस्किटांचा पत्र्याचा डबा दिला होता, तो कृष्णानं नेमका माझ्या उजव्या पायाशी ठेवला. लाथ बसली, सगळे बोल्ट गडगडत गटारापर्यंत. "अक्का, डबा सकाळपासून तिथंच आहे," म्हणतो. वर तोंड करून!

१२ जानेवारी
पुढचा उजवा बोल्ट हलत नाही. डिझेल सोडलं, तापवला, पान्यावर पाइप घालून कृष्णा लोंबकळला. ढिम्म नाही. मग लक्षात आलं. खंडेनवमीला नारळ फोडून पाणी गाडीवर ओतायचं काम माझं. मी दर वर्षी त्याच कोपऱ्यावर ओतत आले. चौतीस नारळांचं पाणी त्या एका बोल्टानं पिऊन ठेवलंय. कृष्णाला सांगितलं तर हसत सुटला. शेवटी ग्राइंडरनं कापला.

१४ जानेवारी
संक्रांत. कृष्णा तिळगूळ घेऊन आला. पाने घेऊन नाही.

२० जानेवारी
आजचा दिवसच वाईट. बॉडीखालचे रबरी ठोकळे बघायला हुबळीत लॅमिंग्टन रोडला गेले. रस्ता ओलांडताना उजवीकडून एक स्कूटरवाला अंगावर आला आणि वर मलाच कन्नडात शिव्या. मीही दिल्या. घरी आले तर कृष्णानं गाडीचं दार सताड उघडं टाकलेलं. कपाळाला टेंगूळ.

अप्पा डोळ्यांत थेंब घालत बसले होते. डोळे कोरडे पडतात म्हणून कित्येक वर्षं घालतात. म्हणाले, "उत्तरा, तुला नीट दिसतं ना?"

"दिसतं! लोक वस्तू कुठंही ठेवतात, त्याला मी काय करू?"

अप्पांनी थेंबांच्या बाटलीचं झाकण लावलं. पुण्याहून जयतीर्थचा फोन. धाकटा भाऊ, पण फोनवरून सगळ्यांचा मिस्त्री. "ताई, उचलायच्या आधी दारांच्या चौकटीत अँगल वेल्ड कर, नाहीतर बॉडी वाकेल." काल केलंय बाबा.

२५ जानेवारी, रविवार
तालमीतली आठ माणसं दोनला येणार होती. सव्वाचारला आली. मी म्हटलं चला, लागा. कृष्णा घड्याळ बघून म्हणतो, "अक्का, बेडा, आत्ता नको. साडेचारपासून राहुकाळ." आठही जण माझा चहा पिऊन, चिवडा खाऊन परत गेले.

२६ जानेवारी
नऊनंतर लागलो. दारांतून दोन मोठे वासे आडवे घातले, चार माणसं इकडे, चार तिकडे. उचललं — तर गाडी चाकांसकट वर यायला लागली! कुठंतरी बोल्ट राहिलेला. उजवी बाजू माझ्याकडे होती. मी ठणकावून सांगितलं, माझे सातही काढलेत. कृष्णा बॅटरी घेऊन वाकला. "अक्का, हा काय, समोरच आहे."

समोरच होता. मी तिथं तीन दिवस बसत होते.

तो काढल्यावर बॉडी पालखीसारखी अलगद वर आली. कृष्णानं चेसी तारेच्या ब्रशनं घासली. पुढून मागे, मागून पुढे. मग म्हणाला, "अक्का, तडा कुठाय?"

नाही. कुठंच नाही. गंज आहे, तडा नाही. जुना वेल्डसुद्धा नाही.

अप्पा खुर्चीतून उठून आत गेले. मी मागोमाग. आई शेवटचे सहा महिने बसनं हुबळीला दवाखान्यात जात होती, अप्पा. उभ्यानं. आणि गाडी दारात! असं बोलले मी त्यांना. आणखीही बोलले. जयतीर्थचे तीन फोन येऊन गेले, एकही घेतला नाही.

२७ जानेवारी
सकाळी अप्पा आपणहून बोलले. १९९१ मध्ये कोर्टातून येताना उजवीकडून एक सायकलवाला आला, तो त्यांना दिसलाच नाही. धक्का लागून पडला, कपडे झटकून उठला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. "वकिलाला दिसत नाही म्हटल्यावर पक्षकार कोण येणार? म्हणून चेसी म्हणालो. एकदा म्हणालो ते म्हणालो. तुझ्या आईलाही सांगितलं नाही." ते थेंब कोरड्या डोळ्यांचे नव्हतेच.

"मग यंदा हो का म्हणालात?"

"दिवाळीपासून बघतोय. तू कप ठेवतेस तो टीपॉयच्या बाहेर. उजव्या खांद्याला दार लागतं तुझ्या. हे घराण्यात असतं, तपासून घे, असं सांगायचं होतं. पण मग गाडीपासून सांगावं लागलं असतं. तोंड उघडेना माझं. म्हटलं, तूच उचलून बघ; तडा नाही दिसला की मला बोलावंच लागेल."

मला राग आवरेना आणि रडूही. दोन्ही झालं.

२९ जानेवारी
डोळे तपासून आले. काचबिंदूच. उजवा निम्म्याहून जास्त गेलाय, गेलेलं परत येत नाही. डावा औषधानं टिकेल. गाडी चालवू नका, डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी जयतीर्थचा फोन. "काय ताई, मार्चला हुबळी नक्की ना?"

मी म्हटलं, "नाही रे. चेसीला तडा आहे."

अप्पा शेजारीच बसले होते.