टिनावरचे एकशे चव्वेचाळीस स्क्रू

मु. धनज, शनिवार, दिनांक ८ मे १९५४, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. ओसरीच्या टिनावर बसून लिहीत आहे. (साडेसातनंतर टिनावर बसवत नाही, म्हणून अक्षर घाईचे वाटल्यास राग मानू नये. शुद्धलेखन तपासले आहे.)

रा. रा. भाऊजी दौलतराव यांस धाकटा मेहुणा श्रावण याचा नमस्कार. ताईचा गुडघा, बाळाचे दात आणि आपला खोकला या तिन्हींचे कसे काय, ते वेगवेगळे कळवावे. इकडे बाबा ठीक, आई ठीक, म्हैस ठीक. आपण माघात ठेवून गेलेली सायकल गोठ्यात पोत्याखाली झाकून ठेवली आहे. येत्या मंगळवारी ती न्यायला येतो असे आपण लिहिले, पण एवढ्या उन्हात येण्याची मुळीच घाई करू नये.

आपल्या गल्लीतले मारोतराव मानोऱ्यात परतल्यापासून "धनजच्या थंड यंत्रा"ची गोष्ट सांगत फिरत असतील. माझ्यासाठी ते स्थळ आपणच सुचवलेले, तेव्हा खरे काय घडले ते आपणांस कळणे जरूर आहे. पत्र वाचून झाल्यावर चुलीत घालावे.

दिवाळीनंतर आम्ही ओसरीवरची मातीची कवेलू काढून टिन घातले, हे आपण पाहिलेच आहे. तेव्हा ते वरून दगड ठेवून दाबले होते. टिनाचे घर म्हणजे पोरगी देण्याजोगे घर, असे बाबांचे मत. पण चैत्र लागला आणि ओसरीची भट्टी झाली. पहिल्या स्थळाचे पाहुणे चहा न घेता उठले. दुसऱ्या स्थळाच्या मामांना घेरी आली व त्यांना कडुलिंबाखाली निजवावे लागले. (ते स्थळही गेले.) मारोतराव अंगाने भारी, त्यांना उकाडा सोसत नाही, असे आपण कळवले होते. म्हणून मी ठरवले की दगड काढून टिन स्क्रूने पक्के करायचे, वर ओले गोणपाट अंथरायचे आणि घासलेटच्या दोन डब्यांना बारीक भोके पाडून त्यांतून गोणपाटावर पाणी झिरपत ठेवायचे. कारंज्याला कापसाच्या जिनाच्या कचेरीत दाराला वाळ्याची ताटी लावून तिच्यावर पाणी सोडतात, तेथे मी कापूस मोजून घेताना उभा राहिलो होतो, त्यावरून हे सुचले.

आता चूक कोठे झाली ते लिहितो. पन्हळी टिनाला उंचवटे असतात आणि दोन उंचवट्यांमध्ये नाळी असते. खेमा सुतार म्हणाला, "सकरू माथ्यावर मारा लागते, भाऊ." मी विचार केला की माथ्याखाली तर पोकळी आहे. स्क्रू हवेतून जाणार, मग पकड कशी बसेल? नाळीत टिन लाकडाला चिकटलेले असते, म्हणून नाळीच बरोबर. मी सातवीपर्यंत शिकलेला (परीक्षा राहिली, पण बसलो होतो), आणि खेमा अंगठा उठवणारा. तो म्हणाला, "मंग तुमीच मारा," आणि खाली जाऊन बिडी ओढत बसला. बारा टिने, प्रत्येकी बारा स्क्रू, सगळे नाळीत. प्रत्येकाखाली रबराची गोल चकती मी स्वतः कात्रीने कापून घातली. (रबर घरातच मिळाले.) पाणी उंचवट्यावरून नाळीतच उतरते, हे माझ्या ध्यानात आले नाही.

गेल्या मंगळवारी दुपारी मारोतराव आले, बरोबर त्यांच्या विधवा बहीण सोजरबाई. मी सकाळपासून डबे भरत होतो. ओसरी खरोखर गार झाली होती. मारोतरावांनी पागोटे काढून मांडीवर ठेवले आणि बरोब्बर त्यांच्या टकलावर एक थेंब पडला. मग दुसरा. बाबांनी डोळे मिटले. मारोतरावांनी वर पाहिले, टकलावरून हात फिरवला आणि सरकून बसले, ते कोरड्या जागी नाही, तर जेथे दोन भोके गळत होती तेथे!

"आहाहा! हे काय मशीन लावलं हो तुमी?"

यावर बाबा जे बोलले त्याची जबाबदारी माझ्यावर नाही. "पोरानं मोजून भोकं पाडले जी. शिकेल हाय."

मारोतराव तासभर या भोकाखालून त्या भोकाखाली फिरत राहिले आणि शेवटी म्हणाले, "आमी तिकडं भाजून राह्यलो, अन् तुमी इथं मजेत! पोरगी दिली समजा. पन असंच आमच्या ओसरीवर करून द्या लागीन." येत्या गुरुवारी ते थोरल्या भावाला हे दाखवायला आणणार आहेत, त्यामुळे मला भोके बुजवताही येत नाहीत. शिवाय त्यांच्या ओसरीवर मी काय करणार? मुद्दाम गळेल असे भोक मी आजवर पाडलेले नाही. एकशे चव्वेचाळीसपैकी एकतीसच गळतात, आणि तीच का, हे मला अजून उमगलेले नाही.

निघताना सोजरबाई मागे राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "मोजून पाडले म्हन्ते! काहून रे, सकरू कधी नाळीत मारत असतेत काय? आमच्या गोठ्याचं टिन गोजरानं सोता ठोकलं, एक थेंब येत नाही. तिनं हे पाह्यलं असतं तं पोट धरून हासली असती."

गोजरा म्हणजे जिचे हे स्थळ ती मारोतरावांची मुलगीच. त्या म्हणाल्या, "मी नाही सांगत भावाले. पन लगन मिरगाच्या आंधी उरका. मंग पोरगीबी तुमची अन् पानीबी तुमचं."

भाऊजी, मंगळवारपर्यंत मला फक्त स्थळ जाऊ नये असे वाटत होते. आता हेच स्थळ जाऊ नये असे वाटते. टिन तापू लागले, खाली उतरतो.

आपला,
श्रावण

ता. क. १. मृग सात जूनला निघतो. आपण आजच मारोतरावांकडे जाऊन मे अखेरची तिथी पक्की करावी. एक मोठी सर आली की यंत्राचे गुपित फुटेल.

ता. क. २. आपले घर आणि त्यांचे घर यांत हाकेचे अंतर आहे, तेव्हा पायीच जावे. तिथीच्या कामासाठी धनजलाही येऊ नये. सायकलीची आठवण काढू नये.

ता. क. ३. गोजराबाईंनी (अजून ओळख नाही म्हणून आदराने लिहितो) माहेराहून स्क्रू पिळायचा पेचकस आणला तरी आमच्याकडे कोणी नाव ठेवणार नाही, एवढे ताईकरवी सुचवावे.

ता. क. ४. हिशेब: स्क्रू एक ग्रोस, साडेचार रुपये. गोणपाट अकरा, पावणेतीन रुपये. रिकामे डबे दोन, सव्वा रुपया. एकूण खर्च साडेआठ रुपये. देणे: खेमा सुतारास मजुरी तीन रुपये (घेत नाही, म्हणतो, या कामाले माझं नाव लावू नका). आपणांस सायकलच्या ट्यूबा दोन. पुढची संपूर्ण, मागची एकशे चव्वेचाळीस चकत्या भरण्यापुरती. घंटी शाबूत आहे.