टाकीला दिलेला पाटा

माय,

तुला लिहायला बसले खरी, पण तुला वाचता येत नव्हतं आणि मला धड लिहिता येत न्हाई. चौथीपातुर शाळेत धाडलंस, मंग म्हणालीस, खुशालीची चिठ्ठी लिहिण्यापुरतं आलं, बास झालं. तू गेलीस त्याला आता इतकी वर्षं झाली की तुझं तोंड आठवायचं तर मला आरशात पाहावं लागतं, आणि ते काही सुखाचं काम न्हाई. पोरगा आणि सून, सुनेच्या माहेरी जेवायला गेलेत. ते येईस्तोवर जालन्याच्या मस्तगडातलं हे घर माझं. घर तरी काय, चार भिंती, एक खाट आणि दोन बॅगा. बाकीचं सगळं वाटून टाकलं. परवा निघायचं. कॅनडाला. तू नावसुद्धा ऐकलं नसशील. केदारखेड्याहून जालन्याला यायचं म्हटलं तरी तू दशम्या बांधून द्यायचीस, जशी काही मी दुसऱ्या मुलखात चालले. हे त्याच्याही पल्याड. तिथं बर्फ पडतो आणि दारासमोरचा बर्फ आपणच फावड्यानं ओढायचा असतो म्हणं. पैसे मोजून फावडं मारायला जायचं.

मला कुणी धरून नेत न्हाई, हे आधी सांगते, न्हाईतर तू नातवाला शिव्या घालशील. गेल्या हिवाळ्यात मी न्हाणीत पडले. पाय घसरला, कमरेत काहीतरी कटकन झालं, आणि उठता येईना. सकाळी दूधवाल्यानं हाका मारल्या, मंग शेजाऱ्यांनी दार मोडलं. दार मोडायचा खर्चा मलाच लागला. पोरगा फोनवर रडला. चाळीस वर्षांचा बाप्या, डोक्याचे केस गेलेले, आणि "आई, तू रात्रभर तिथं पडलीस आणि मला माहीत नव्हतं," म्हणून हुंदके देऊन राह्यला. मी म्हटलं, अरे, माहीत असून तू काय विमानातनं हात देणार होतास? तेच माझं चुकलं. त्यानं ते मनावर घेतलं. तिथून कागद झाले, शिक्के झाले, घराचा सौदा झाला, आणि सगळं झाल्यावर मला विचारलं, "आई, तुला चालेल ना?" गाडीत बसवून विचारतात तसं. मी काय म्हणणार? त्याचं बराबर आहे. एकटी राहिले तर पुन्हा पडणार, आणि दरवेळी दूधवाला येईलच असं न्हाई.

सून चांगली आहे. शिकलेली आहे, हसून बोलते, मला अहोजाहो करते. इथं आल्यावर दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आई, तुमच्या आवडीच्या सगळ्या जागा एकदा फिरून घ्या. मी फोटो काढते. तिकडं गेल्यावर बघता येतील." मी म्हटलं, आवडीच्या जागा? मी काय इथं सहलीला आल्ते का? तरी तिनं मला मोती तलावावर नेलं, काठावर उभं केलं, म्हणाली, हसा. तो तलाव मी जन्मभर बसच्या खिडकीतनं पाह्यला. त्याचं माझं काही देणंघेणं न्हाई. फोटोत मी अशी दिसते जशी पोलिसांनी धरून आणलीय. घरी येऊन विचार केला, मंग आपल्या आवडीच्या जागा कोणत्या? तेव्हा कळलं, जिथं आपलं काम असतं तीच आपली जागा. पिठाच्या गिरणीची पायरी. तिथं डबा पालथा घालून बसायचं आणि नंबर येईपर्यंत गावाची चामडी सोलायची. लिंबाखालच्या शिंप्याचं बाकडं. बसस्टँडवर भोकरदनची गाडी लागते तो खांब, तिथं उभं राह्यलं की गावचं कुणीतरी भेटतंच आणि कोण मेलं, कुणाचं जमलं ते कळतं. लोक म्हणतात, जालना सोने का पालना. मला पाळण्यात कुणी घातलं न्हाई, पण या तीन जागी मला कुणी "उठ" म्हटलं न्हाई, हे खरं.

मंग ठरवलं, सुनेचा फोन न नेता आपलं आपण जाऊन या लोकांना सांगून यावं. पहिल्यांदा गिरणीवर गेले. हातात डबा होता. रिकाम्या हातानं गिरणीवर कसं जायचं? लोक म्हणतील, बाई नुसती बसायला आली. घरात उरलेली सगळी जवारी डब्यात ओतली होती, म्हटलं त्यालाच देऊन टाकू, पोरंबाळं खातील. लाइट गेलेली. गिरणीवाला दारात बसून विडी ओढून राह्यला होता. म्हणाला, "आजी, ठेवून जा डबा. लाइट आली की टाकतो." मी तोंड उघडलं, आणि जे सांगायला गेल्ते ते बाहेरच येईना. "बारीक दळ, मागच्या वेळेस भरड केलंस," असं म्हणून मी परत आले. त्या क्षणी खरंच विसरले असंल. पण घरी येताना, माय, पाऊल कसं हलकं पडत होतं. माझा डबा नंबरात लागलेला होता. नंबर लागलेलं माणूस कुठं जातं?

दुसऱ्या दिवशी शिंप्याकडं मात्र मी ठरवून गेले. नवं झंपराचं कापड घेतलं आणि गेले. तो मान वर न करता म्हणाला, "मावशी, तुम्ही तर कॅनडाला चालल्या म्हणं."

"कोण म्हणतं?"

"समदी गल्ली म्हणून राह्यली."

"मंग झंपर कधी पाहिजे ते गल्लीलाच विचार."

तो हसला, टेप गळ्यातनं काढली. "मापाचं आणलं का?"

"माप तेच. मी काय वाढत न्हाई आता."

"दिवाळीला देऊ?"

"दिवाळीला दे," मी म्हटलं. "बाह्या आखूड करू नको."

तुला आता कळलं असंल मी काय करून राह्यले ते. तुझ्याशिवाय कुणाला कळणार? लग्नाआधी आपण दोघी ती जुन्या लुगड्यांची वाकळ शिवत होतो. मला वाटत होतं, जायच्या आधी पुरी करावी, तुला थंडीला होईल. रोज चार टाके जास्त घालायची मी. तू पाहत होतीस. एका दुपारी तू चुलीपुढनं उठलीस, हाताला पीठ तसंच, आणि माझ्या हातातली सुई हिसकून घेतलीस. "सगळं उरकून गेलीस तर परत कशाला येशील? बापाचं थोबाड पाहायला?" असं म्हणालीस आणि वाकळ गुंडाळून उतरंडीमागं टाकलीस. मी रडले, तर म्हणालीस, रडायचं तर विहिरीवर जा, इथं भाकर करपते. तेव्हा मला तुझा राग आल्ता. मंग पंचमीला माहेरी यायचं झालं की मी सासऱ्यांना सांगायची, वाकळ अर्धी राह्यलीय, मायला एकटीला होत न्हाई. आले की तू चार टाके घालू द्यायचीस आणि पुन्हा गुंडाळून ठेवायचीस. एका वर्षी सासरे म्हणाले, "काय गं, तुझी माय साऱ्या गावाला पांघरायला वाकळ शिवून राह्यली का?" पण जायला कधी नको म्हणाले न्हाईत. अर्धं काम सोडू नये, हे त्यांनाही कळायचं. तू गेलीस तेव्हा ती अर्धीच होती. भावजयीनं थंडीत म्हशीच्या पारडावर टाकली. ठीक आहे. पारडाला ऊब लागली.

तर मी जालन्यात तेच केलं. निरोप घ्यायला जाते म्हणून घरून निघायची आणि प्रत्येक ठिकाणी काहीतरी अर्धं सोडून यायची. चौकातल्या चांभाराकडं चपलेचा अंगठा शिवायला टाकला. भोकरदनच्या गाडीच्या खांबापाशी गावची एक सून भेटली, तिला म्हटलं, पुढच्या खेपेला माझ्यासाठी चटणीला पावशेर कारळं आण. ती म्हणाली, "आणते आत्या, पण तुम्ही असाल ना?" मी म्हटलं, नसायला काय झालं?

आणि मंग गिरणीवाल्यानं घोटाळा केला. चांगुलपणानं केला. दळण न्यायला कुणी येईना, म्हणून डबा खांद्यावर टाकून घरी आला. पोरानं दार उघडलं. "अरे, कुणाचं दळण?" "आजीचं. एवढं पीठ कॅनडाला नेता का काय?" पोरगा हसला न्हाई. मला विचारलं, "आई, तुला माहीत आहे ना आपण कधी निघतोय?" मंग त्याला शंका आली, आईनं अजून कुठं काय टाकलं असंल, म्हणून तो चौकात गेला, तर चपला निघाल्या. शिंप्याकडं गेला, तर झंपर निघालं. कापड अजून कापलंही नव्हतं, तसंच घेऊन आला. सगळं खाटेवर मांडलं, आणि दोघं स्वयंपाकघरात जाऊन हळू आवाजात बोलू लागले. हळू बोलतात ते मला जास्त ऐकू येतं.

"मी म्हटलं होतं ना, त्या विसरायला लागल्यात," सून म्हणाली. "तिथं गेल्या गेल्या डॉक्टरला दाखवू."

"बरं झालं आपण वेळेवर आलो," पोरगा म्हणाला. त्याचा आवाज असा होता, जसा लहानपणी ताप आल्यावर व्हायचा.

मंग तो माझ्याजवळ येऊन बसला, माझा हात हातात घेतला. "आई, आज वार कोणता सांग बरं."

"तू झालास तो बुधवार होता," मी म्हटलं. "आज काय का असंना."

हे बोलायला नको होतं. त्याचे डोळे भरले. त्याला वाटलं, मला वारही सांगता येईना.

मी रात्रभर विचार केला, सांगावं का याला? काय सांगू? म्हणू, मी काही विसरले न्हाई बाबा, मी जाणूनबुजून केलं? विसरले म्हटलं तर न्यायलाच पाहिजे. विसरले न्हाई म्हटलं, तर चार दिवसांत निघणारं माणूस जाणूनबुजून दिवाळीचं झंपर टाकतं, म्हणजे डोकंच फिरलं, मंग तर न्यायलाच पाहिजे. जन्मभर मी लोकांना तोंडावर बोलले, सासूला बोलले, सरपंचाला बोलले, आणि आता माझ्याच पोरापुढं माझ्याकडं एक शब्द न्हाई. तो वाईट असता तर भांडले असते. सकाळी त्यानं चहा आणून दिला, तेव्हा मी म्हटलं, "होय रे, विसरले." तो म्हणाला, "असू दे आई, आम्ही आहोत ना." पीठ शेजारणीला गेलं. कापड सुनेनं बॅगेत घातलं, तिकडं शिवून घेऊ म्हणाली. तिकडं! झंपर!

एक राह्यलं. तू लग्नात दिलेला पाटा-वरवंटा, राजूरच्या जत्रेत घेतलेला. बापानं बैलगाडीत घालून आणला होता आणि वाटभर कुरकुरत होता. त्या वरवंट्याला कुंची घालून माझ्या पोराच्या बारशात पाळण्याखालनं फिरवलं होतं. पाटा अलीकडं घासून इतका गुळगुळीत झाला होता की मिरची नुसती घसरायची. पोरगा म्हणाला, हा इथंच राहू दे, घर घेणारे बघून घेतील. मी म्हटलं, शेजारणीला दिला. दिला न्हाई. दोघं बाजारात गेलेले असताना ऑटो बोलावला, ऑटोवाल्यानं पाटा उचलून ठेवला, वर मलाच शहाणपण शिकवलं, "आजी, मिक्सर घ्या की." मी म्हटलं, तुझ्या बायकोला घे, तुला जल्दी जेवायला मिळंल. रस्त्याच्या कडेला पाल ठोकून एक पाथरवट बाई बसते, तिच्याकडं नेला. टाकी लावून दे म्हटलं, छिन्नीनं चांगला खरबरीत कर. तिनं पाट्यावर हात फिरवला, म्हणाली, "जुना हाय. आसा दगूड आता मिळत न्हाई. वरवंटा कुठंय?" मी म्हटलं, घरी आहे. तिनं पाटा पालाच्या आत नेऊन ठेवला.

वरवंटा माझ्या बॅगेत आहे, नऊवारीत गुंडाळलेला. पोरानं काल बॅग उचलून पाह्यली. "आई, यात काय दगड भरलेत का?" मी म्हटलं, "हो." तो हसला. लय दिवसांनी हसला, म्हणून मी पुढं बोलले न्हाई. विमानतळावर काढतील तर काढतील.

फाटक वाजलं, आले वाटतं दोघं. हे कागद चुलीत घालावेत तर चूल न्हाई, गॅसपण कालच दिला. पदराखाली घेते, मंग बघू. माय, पाट्याचं मी कुणाला सांगितलं न्हाई, तुलाच सांगितलं. आणि अजून एक. त्या पालवाल्या बायका एका जागी राहत न्हाईत, पाऊस आला की उठतात. ती किती दिवस ठेवंल, हे विचारायला तोंड उघडलं होतं मी. विचारलं न्हाई.