चहाच्या फॉर्मातला फिका चौकोन

३ फेब्रुवारी, सोमवार
औरंगपुऱ्यातल्या हापिसात आजपासून चहापाण्याला लागले. फर्दापूरच्या हॉटेलात चादरी धुण्यापेक्षा लई बरं. पंखा आहे, शेगडी नवी. लेक सोनिया म्हणली, रोज लिही, अक्षर सुधरंल. इथं चहा कुणी तोंडानं मागत नाय. ओट्याजवळच्या कॉम्प्युटरवर मेल येतो, त्यात फॉर्म. प्रत्येकाच्या नावाचा चौकोन. ज्याला चहा पाहिजे त्याचा हिरवा. तोंडं शिवलीत का, मी विचारलं. टेबलावरची पोरगी गजाला हसली. म्हणली, द्वारकामावशी, असले चौकोन विकत मिळत नाय, आमच्या विश्वजीतनं स्वतः बनवून मेलमध्ये बसवलेत. तो कुठाय म्हणलं, तर सगळे खाली बघाय लागले.

५ फेब्रुवारी
विश्वजीतचाबी चौकोन आहे. फिका, राखेवानी. सुदर्शन साहेब म्हणले, हात लावू नका, तो वारला. मग काढून टाका की! म्हणले, निघत नाय. मला असली अडगळ खपत नाय. मीच तो चौकोन दाबत बसले. शेवटी झाला हिरवा.

६ फेब्रुवारी
फॉर्मात विश्वजीतच्या नावानं चहाची मागणी आली. बिनसाखरेचा. कुणीतरी टवाळी करतंय म्हणून कप त्याच्या मोकळ्या टेबलावर आपटला. थोड्या वेळानं उचलाय गेले तर कप रिकामा. कडंला साय चिकटलेली.

७ फेब्रुवारी
आज गजालाचा चौकोन फिका. ती खुर्चीतच होती, पण तिच्याशी कुणी बोलंना. साहेबांना विचारलं, पोरीचं काय बिनसलं? म्हणले, कोण गजाला?

१० फेब्रुवारी
गजालाची खुर्ची मोकळी. एक कप कमी केला. रडू आलं नाय. कायच आलं नाय. भांडी घासली.

११ फेब्रुवारी
तिचा डबा ओट्यावर तसाच. भाजी आंबली. एक हिरवा केला की दुसरा फिका होतो, एवढं कळलं. माझं नाव त्यात नाय, मला काय होतंय? मेलेला परत जाईल, बास. गजालाचा दाबला. दाबत राहिले.

१२ फेब्रुवारी
गजाला आली. मी हाक मारली. माझ्या अंगाजवळून गेली, स्वतःच चहा ठेवला. फॉर्मात विश्वजीतचा हिरवाच, खाली नवा चौकोन. फिका. अक्षरं जुळवली. द्वारका—

१३ फेब्रुवारी
सोनियाला फोन लावला. म्हणली, कोण बोलतंय.

१७ फेब्रुवारी
चहापाण्याला नवी बाई. माझ्यासारखीच तापट. म्हणली, ही अडगळ कशाला — बोट ठेवलं तिनं, माझ्या नावावर — मागं गजाला उभी, हसतीय — मी नको म्हणाय पाहिजे, नायतर ही फिकी पडंल — पण दाब गं बाई, जोरा—