वारं नाय

आये, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून आज तुझ्याशी भांडायचं बळ आलं आहे. धाकटीला फेफरं यायचं आणि तू बायकांना सांगायचीस, देवीचं वारं हाय. पहिल्यांदा ती अंगणात कोसळली तेव्हा मी ओरडणार होते, तर तू माझ्या तोंडावर हात ठेवलास. हाताला तांदळाच्या पिठाचा वास होता. "गप गो. वारं म्हटलं तर पाया पडतील, फेफरं म्हटलं तर पाणीबी देणार नायत." आणि बायका खरंच तिच्या पायाशी वाकल्या, कुणी हळद-कुंकू आणलं, तू माझ्याकडे बघितलंस. त्या दिवशी तू जिंकलीस.

तुला जाऊन आता किती वर्षं झाली. मी महाडच्या शाळेत मुलींना शिकवते. परवा गावी, कापड्याला, धाकटीला बघायला पाहुणे आले. काकांनी मला आधीच स्वयंपाकघरात गाठलं. "वारं हाय म्हणून तूच सांग. आमचं बोलणं गावंढळ. तू शाळेतल्यावानी बोललीस की कुणाला शंका यायची नाय." धाकटी भाकरी थापत होती. गेल्या पावसाळ्यात ती चुलीपुढे पडली, तेव्हाचा भाजल्याचा वण कोपरापर्यंत गेला आहे. काका बाहेर गेल्यावर ती म्हणाली, "बाय, तिकडं मी चुलीत पडले तर ओढून कोण काढंल गो?"

मी ओटीवर गेले. मास्तरीण बोलणार म्हणून पाहुणे सावरून बसले. शाळेतली भाषा ओठांवर होती, पण तिच्यात काहीही खरं वाटलं असतं, म्हणूनच ती टाकली. तुझ्याच बोलीत म्हणाले, "वारं नाय, फेफरं हाय. हिला चुलीपुढं एकटी सोडायची नाय. कबूल असंल तर सुपारी फोडा." सुपारी तबकातच राहिली. काका म्हणाले, "शिकवून हे मिळवलं." मी म्हटलं, "होय, हेच." धाकटीने मला पहिली गरम भाकरी वाढली. आये, मला पश्चात्ताप नाही. पुन्हा विचारलं तरी हेच सांगेन, तुझ्यासमोरसुद्धा.

हा कागद घडी करून पेटीत ठेवते, पाठवायचा तरी कुठे? पण एक सांगायचं राहिलं. वाडीतल्या बायका अजून मंगळवारी धाकटीच्या पाया पडायला येतात. काल एका म्हातारीने दारातून विचारलं, "देवी हाय ना गो घरात?" मला तुझं ते पाण्याचं बोलणं आठवलं. मी "हाय" म्हटलं, आणि तिला बसायला पाट दिला.