लक्ष्याची सलाईन

हिरी,

नाशिकला जाणाऱ्या दवाखान्याच्या गाडीत चढताना तू सगळ्यांसमोर ओरडलीस, "बाय, बाटली नाय लावली, तूच मारशील त्याला!" म्हणून लिहिते आहे.

बैलाचं शिंग तुझ्या लक्ष्याच्या पोटात घुसलं होतं. आत शीर फाटली होती आणि तिच्यावर रक्ताची गुठळी धरू लागली होती. अशा वेळी भराभर सलाईन सोडली, तर रक्त पातळ होतं, दाब वाढतो आणि ती गुठळी निघून येते. आतली शीर शिवणारा सर्जन इथे नाही, नाशिकला. म्हणून मी जखमेवर पट्टी बांधली, हाताला सुई लावून ठेवली, पण बाटली उघडली नाही. त्याचं भान गेलं असतं किंवा मनगटाची नाडी हरवली असती, तर त्याच क्षणी थोडी सोडली असती.

भान तपासायला मी त्याच्याशी भांडत राहिले.

"बैलाचं नाव काय रे?"

"हरण्या. त्याला मारू नको, बाय."

"मारणार. चांगला बदडणार!"

"तुलाच शिंग घालील तो."

असं उलट बोलणाऱ्याला बाटली कशाला?

आत्ताच फोन आला. शीर शिवली. आता रक्त आणि सलाईन दोन्ही चालू आहेत, आणि लक्ष्या डोळे उघडून बैलाची चौकशी करतो आहे. तू परत आलीस की हे सगळं तोंडानेच सांगेन, तेही रागावून. पत्र न पाठवता ठेवून देते.

शैलजा सिस्टर

दवाखान्याच्या वहीतली नोंद. गाडीबरोबर दिलं: जखमी एक, बोलता. हाताला सुई. सलाईनच्या बाटल्या दोन, न उघडलेल्या. लक्ष्यासाठी निरोप एक: हरण्याला गोठ्यात बांधलं आहे, कोणी मारलेलं नाही.